फेकून दिलेल्या सत्तावीस

आधी अंगठा दिसला, मग माणूस ओळखला. तपासणीच्या खोलीच्या दाराला हातभर काच आहे. तिच्यातून मला बाहेरच्या बाकावरच्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त गुडघे आणि गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसतात. त्या हातांमधला एक अंगठा मांडीवर आपटत होता. चार ठोके, मग अर्धा गिळलेला, मग परत चार. असा अर्धा ठोका गिळणारा माणूस मला जगात एकच माहीत होता. बाबांनी त्याचं नाव ठोक्या ठेवलं ते यावरूनच. आमच्या जेवणाच्या टेबलाची एक कड त्या अंगठ्याने घासून पांढरी पडली आहे, आणि बाबा गेल्यापासून मी त्या कडेवर ताट ठेवत नाही. अकरा महिने झाले बाबांना जाऊन. या अकरा महिन्यांत मी या माणसाशी मनातल्या मनात इतकं बोलले होते, आंघोळ करताना, बसची वाट बघताना, दुसऱ्यांच्या कानात बघताना, की तो खरोखर दाराबाहेर येऊन बसला तेव्हा मला राग आला नाही. मला आधी माझी वाक्यं सापडेनात. एखादं पाठ केलेलं भाषण व्यासपीठावर चढल्यावर विसरावं तसं झालं.

नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी त्याचा फॉर्म आणून दिला. तक्रारीच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'काही नाही, सहज.'

"सहज कोण येतं हो कान दाखवायला?" बाई म्हणाल्या. "आणि खोलीत बसून काळा चष्मा. कुणीतरी मोठं प्रस्थ दिसतंय. त्या समोरच्या दोघी मुली त्याच्याकडे बघून एकमेकींना चिमटे काढतायत."

"पाठवा आत," मी म्हटलं. आवाज नेहमीसारखा आला. माझ्या कामात आवाज नेहमीसारखा ठेवायची सवय होते. रोज पंधरा-वीस माणसं माझ्यासमोर बसतात आणि त्यांतल्या निम्म्यांना मला सांगावं लागतं की जे गेलं ते गेलं, आता उरलेलं सांभाळायचं. हे ज्या आवाजात सांगायचं असतं तो आवाज मला फार वर्षांपूर्वी सापडला. त्याच्या मागे बरंच काही ठेवता येतं.

तो आत आला, चष्मा काढला आणि "ताई" म्हणाला. जाड झाला होता. डोळ्यांखाली सूज होती. कपडे भारी होते आणि ते आपल्या अंगावर असल्याची त्याला लाज वाटत असावी तसा तो खुर्चीच्या टोकावर बसला. निदान मी तसं ठरवलं. "ओळखलंत ना?"

"मान सरळ ठेव. काय होतंय?"

"कुणाला सांगू नका हं, ताई. आमच्या माणसांनापण माहीत नाही. पुढच्या आठवड्यापासून दीड महिन्यात बावीस कार्यक्रम आहेत. एकाला जरी कळलं ना, की याचा कान..." त्याने हाताने हवेत काहीतरी उडवून दिलं. "म्हणून तुमच्याकडे आलो. घरचं माणूस."

घरचं माणूस. मी पेनचं टोपण काढलं. "कोणता कान?"

"डावा. शिट्टी वाजते. म्हणजे असं समजा, कुणीतरी चहाची किटली ठेवली आणि शेजारी गप्पा मारायला गेलं. बंद करायला कुणी येतच नाही."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष." मग जरा थांबून म्हणाला, "सव्वा."

मी सव्वा लिहिलं. सव्वा वर्षापूर्वी त्याचं ते गाणं बाहेर आलं होतं. तो पुढे म्हणाला, "काकांचं कळलं मला. तेव्हा मी दौऱ्यावर होतो. येणार होतो हो, ताई, शपथ. मग जेवढे दिवस गेले ना, तेवढं तोंड दाखवायला..." "हलू नकोस," मी म्हटलं आणि दिव्याची नळी त्याच्या कानात घातली.

कान दाखवताना माणूस जितका निमूट असतो तितका तो दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरपुढे नसतो. मान तिरकी, डोळे भिंतीवर, श्वास जवळजवळ थांबलेला. मला या क्षणाची नेहमी थोडी दया येते. त्याच्या कानाची पाळी मी वर आणि मागे ओढली, रस्ता सरळ झाला आणि आत पडदा दिसला, नखाएवढा, मोत्यासारखा करडा, निरोगी. बिघाड पडद्यात नव्हता. बिघाड जिथे होतो तिथे कुणाला बघता येत नाही, तिथल्या बारीक केसांसारख्या पेशी आडव्या पडतात आणि परत उभ्या राहत नाहीत. त्या कुठे पडल्यात ते विचारूनच काढावं लागतं. मी उगाचच चार सेकंद जास्त बघत राहिले. याच दारातून बाबांच्या पियानोवरच्या त्या एकोणतीस कॉर्ड आत गेल्या होत्या. सत्तावीस त्याने फेकून दिल्या. कुठे फेकल्या असतील, असं काहीतरी वेडगळ मनात आलं, जणू दिवा जरा तिरका केला तर त्या तिथेच कोपऱ्यात पडलेल्या दिसतील.

बाबा तेहतीस वर्षं एका हॉटेलच्या तळमजल्यावर पियानो वाजवत होते. दुपारी चार ते सात आणि पुढे गर्दी असेल तसं. लोकांना ऐकू येईल पण कुणी ऐकणार नाही, असं वाजवायचं, ही त्यांची नोकरी. ते म्हणत, "मी म्हणजे खोलीतला पंखा. बंद पडलो तरच लोक वर बघतील." याचा त्यांच्या मनात कडवटपणा नव्हता, निदान मला कधी दिसला नाही. ठोक्या त्याच हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, समारंभांच्या हॉलमध्ये, स्पीकर आणि माइक सांभाळायचा. चोविशीचा असेल. एकदा खाली आला आणि पियानोच्या टोकाला कोपर टेकून तासभर उभा राहिला. कुणीतरी ऐकतंय हे कळल्यावर बाबांच्या हातून दोन चुका झाल्या. घरी येऊन त्यांनी त्या आईला सांगितल्या, एखाद्या मुलाने बक्षीस मिळाल्याचं सांगावं तशा.

मग तो आमच्या घरी यायला लागला. आई होती तोवर तिच्या हातचं जेवून, आई गेल्यावर माझ्या हातचं जेवून. सहा वर्षं. त्याला हिपहॉपच्या बीट बनवायच्या होत्या, म्हणजे खाली ठेका आणि त्यावर थोडं सुरांचं काही, की ज्यावर दुसरा कुणीतरी भराभर बोलत जाईल. बाबा त्याला कॉर्ड शिकवायचे. तीन-चार सूर एका वेळी दाबले की कॉर्ड होते, एकीतून दुसरीत जायचं, दुसरीतून तिसरीत. बाबांच्या लेखी संगीत म्हणजे हे जाणं. आणि ठोक्या दोन कॉर्ड शिकला की थांबायचा. त्याच दोन पुन्हा, पुन्हा, पुन्हा, अंगठा टेबलावर.

"अरे पुढे चल की," बाबा म्हणायचे. "दोन खोल्यांत किती येरझाऱ्या घालशील? दार उघड, बाहेर पड."

"काका, बहुतेक लोक दोन खोल्यांतच राहतात," तो म्हणाला होता.

बाबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "हे बघ, पुढचं काय येणार ते कळलं की कान झोपतो." त्यावर हा म्हणाला, "झोपू दे ना. कॉर्ड बदलली की ऐकणारा मान वर करून बघतो, काय झालं म्हणून. मला त्याने मान खाली घालून शब्द ऐकायला हवेत. मी वाजवतोय हे त्याला कळताच कामा नये." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला स्पष्ट आठवतं, बाबांनी त्याच्याकडे जरा दचकून पाहिलं होतं. तेहतीस वर्षं आपण जी नोकरी म्हणून केली ती हा पोरगा कला म्हणून मागतोय, असं काहीसं. मी तेव्हा दोघांवरही माया करत होते. हे लिहायला हवं, नाहीतर पुढचं खोटं होईल.

आई गेली त्या वर्षी बाबांनी एक रचना केली. नाव दिलं नाही. आम्ही तिला 'आईचं' म्हणायचो. एकोणतीस कॉर्ड, एकही दुसऱ्यांदा येत नाही, आणि सगळी मिळून जेमतेम तीन मिनिटं. आई शाळेत गणित शिकवायची आणि तिची एक सवय होती: चपला घालून दाराबाहेर पडायची, दोन पायऱ्या उतरायची आणि परत वर यायची. गॅस बंद केला का, चाव्या घेतल्या का. उंबऱ्यात उभी राहून आत बघायची, "काही विसरले का मी?" असं आम्हाला विचारायची, जणू ते आम्हाला ठाऊक असणार. आणि मग जायची. बाबांच्या त्या रचनेत मध्याच्या थोडं आधी दोन कॉर्ड येतात, अकरावी आणि बारावी, आणि त्या दोन कॉर्ड म्हणजे हुबेहूब ते दारातलं थांबणं. तेरावी आली की आई जिना उतरून जाते. मला संगीतातलं फार कळत नाही, मला फक्त ऐकू येण्यातलं कळतं. पण बाबा तेराव्या कॉर्डवर बोटं ठेवायचे तेव्हा मी दर वेळी दाराकडे बघायची.

एका दुपारी ठोक्याने ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. "राहू दे काका, आठवण म्हणून." बाबांनी त्याच्यासाठी तीनदा वाजवलं. आठ महिन्यांनी ते गाणं आलं. एका रॅपरचं होतं, बीट ठोक्याची. मी ते पहिल्यांदा एका औषधाच्या दुकानात ऐकलं, हातात बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. अकरावी आणि बारावी. अकरावी आणि बारावी. बाबांचीच बोटं, त्यांच्या पियानोच्या सैल झालेल्या पेडलची कुरकुरसुद्धा. जरा खाली ओढलेले सूर, जाडसर, आणि त्याखाली तो अर्धा ठोका गिळणारा ढोल. तेरावी यायची मी वाट बघत राहिले. ती आली नाही. आई दारात उभी होती आणि विचारत होती, काही विसरले का, काही विसरले का, आणि तिला कुणी जाऊ देत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, अजून काही?" मी म्हटलं, "नाही." नंतर मी ते गाणं घरी, कामावर, हेडफोनवर, किती वेळा ऐकलं ते कुणाला सांगितलेलं नाही. ते चांगलं होतं. त्याने केलेल्यातलं मला सगळ्यात जास्त महागात काही पडलं असेल तर ते हेच.

गाणं ऐकून बाबा चिडले नाहीत. "आवाज छान काढलाय," एवढंच म्हणाले. चिडण्यासारखं पुढे आलं. कुणीतरी ठोक्याची मुलाखत घेतली, व्हिडिओ होता, दोन माणसं सोफ्यावर, मागे निळे दिवे. विचारणाऱ्याने विचारलं, ही जादू कुठून आली? हा हसला. म्हणाला, "एक म्हातारे काका आहेत. एक गोष्ट सांगायला एकोणतीस कॉर्ड घेतात. मी सत्तावीस फेकून दिल्या. जे उरलं ते गाणं." समोरचा टाळी वाजवून हसला. "काकांना सांगितलं की नाही?" "काकांना सांगून उपयोग नाही, ते तिसावी शोधतायत." परत हशा. बाबांनी ते माझ्या फोनवर पाहिलं, चष्मा कपाळावर ढकलून, फोन नाकाजवळ धरून. संपल्यावर परत सुरुवातीपासून पाहिलं. मग फोन मला दिला. "बरोबर मोजल्यात त्याने," ते म्हणाले. उठले, पियानोवरची मळकी फडकी, चष्म्याचं घर, कधीचं पडलेलं बिल, सगळं आवरलं आणि झाकण लावलं. तीन महिन्यांनी एका सकाळी वर्तमानपत्र वाचताना ते खुर्चीतच गेले. त्या तीन महिन्यांत झाकण उघडलं नाही. हृदय, असं डॉक्टरांनी लिहिलं. मी स्वतः कागदांवर कारणं लिहिते, मला ठाऊक आहे कारण म्हणून काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत.

"आत बस," मी ठोक्याला म्हटलं.

आमच्या तपासणीच्या खोलीत आणखी एक खोली आहे, कपाटाएवढी, जाड दाराची, आतून कापडाने मढवलेली. आतला माणूस मला चौकोनी काचेतून दिसतो. मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, लाल उजवीकडे, निळा डावीकडे, आणि हातात बटण दिलं. "स्वर ऐकू आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी. नाही आला तर नाही दाबायचं." त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. मी दार लावलं. माझ्यासमोर यंत्र, यंत्रावर एक लाल दिवा. त्याने आत बटण दाबलं की माझ्याकडे दिवा लागतो. बस्स. सगळी परीक्षा म्हणजे माझं बोट आणि त्याचा दिवा.

आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बजावली होती. दोन स्वरांमधलं अंतर कधी सारखं ठेवायचं नाही. एकदा दोन सेकंद, एकदा पाच, एकदा दीड. "तुमच्या बोटाला लय लागली की पेशंट कानाने ऐकत नाही, अंदाजाने ऐकतो. बहिरा माणूससुद्धा तालावर बटण दाबून दाखवेल आणि तुम्ही त्याला ठणठणीत म्हणून घरी पाठवाल. तो मग तसाच मोठ्या आवाजात जाऊन बसेल, आणि उरलेलं घालवेल." ही चूक नवखी मुलं करतात. मी एकोणीस वर्षांत केलेली नाही.

उजव्या कानाचे पहिले काही स्वर मी नियमाप्रमाणे दिले. मग डाव्यावर आले, आणि वरच्या पट्टीतल्या एका स्वरावर दिवा लागायला उशीर झाला. थोडा चढवला, तरी नाही. अजून चढवला. नाही. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता, मिटलेले डोळे, कपाळावर आठी, आणि गुडघ्यावरचा मोकळा हात. मोकळ्या हाताचा अंगठा चालू होता. चार, अर्धा गिळलेला, चार. तो त्याचं गाणं मोजत होता. घाबरलेला माणूस जे करतो ते. कुणी देवाचं नाव घेतं, हा मोजत होता. आणि माझं बोट त्याच्या अंगठ्याकडे बघत बघत त्याच्या तालात गेलं. मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. मी थांबवलं नाही, असं म्हणता येईल.

चार ठोक्यांना एक स्वर. पहिल्या ठोक्यावर. दिवा. पुढच्या पहिल्या ठोक्यावर. दिवा. त्याच्या कपाळावरची आठी गेली. मी आवाज उतरवत गेले, पन्नास डेसिबल, चाळीस, तीस. लाल दिवा इमानदारीत लागत राहिला, जिथे लागायला हवा तिथेच. वीसवर मी एकदा बटण दाबलंच नाही. नुसतं बोट उचललं आणि पहिल्या ठोक्याची वाट पाहिली. दिवा लागला. तेव्हा मला पूर्ण कळलं की तो काही ऐकत नाहीये. त्याच्या कानात काहीच जात नाहीये, पुढचं काय येणार ते त्याला माहीत आहे, आणि तेवढं त्याला पुरतंय. मी आलेखात वीसवर निळी फुली मारली, म्हणजे वीसलाही ऐकू येतं. मग पुढच्या पट्टीत गेले, तीही तशीच. मी खोटं लिहिलं नाही, हे मी तेव्हा स्वतःला सांगितल्याचं आठवतं. त्यानेच दाबलं, यंत्राने दाखवलं, मी टिपलं. छातीत एक विलक्षण थंडपणा पसरत होता. असा थंडपणा मला बाबा गेल्यापासून मिळाला नव्हता, झोपेतसुद्धा. बावीस कार्यक्रम. प्रत्येकात तीन-तीन तास, माणसाएवढ्या स्पीकरच्या समोर, खिशात माझ्या सहीचा कागद. दोन वर्षांत त्याच्या वरच्या पट्ट्या जातील, मग शब्दांची टोकं जातील, मग ज्या शब्दांसाठी त्याने सत्तावीस कॉर्ड फेकल्या ते शब्द भिंतीपलीकडच्या बडबडीसारखे होतील. कुणी मला विचारणार नाही. कान काय, कधीही बिघडतात.

तो बाहेर आला तेव्हा मी आलेख टेबलावर फिरवून त्याच्याकडे केला. वरच्या बाजूला जवळजवळ सरळ रेघ. त्याला तो वाचता येत नव्हता. "म्हणजे काय, ताई?"

"कागदावर सगळं ठीक आहे."

"ठीक म्हणजे ठीक?"

"ठीक."

"आणि शिट्टी?"

"दगदग असेल," मी म्हटलं. हे मात्र मी स्वतःच्या तोंडाने बोलले.

त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. हसला, परत चोळला. "आयला! सॉरी, ताई. पण आयला! मी आठ महिने झोपलो नाहीये नीट. तुम्हाला सांगतो, इथे येताना टॅक्सीवाल्याला दोनदा परत फिरव म्हटलं. त्याने विचारलं, साहेब, नक्की जायचंय कुठे?" तो उठला, खोलीत दोन पावलं चालला, आमच्या खिडकीपर्यंत जाऊन आला. त्याचं अंग हलकं झालेलं दिसत होतं. चोविशीतला, टेबलाला अंगठा घासणारा पोरगा क्षणभर त्या जाड माणसातून बाहेर डोकावला. "हे सगळं काकांनी डोक्यात घातलेलं. शेवटचं भेटलो ना तेव्हा, गाण्याच्या आधी, मी त्यांना हेडफोनवर बीट ऐकवली. त्यांनी हेडफोन फेकला. म्हणाले, ठोक्या, अरे दोन कॉर्ड ऐकायला एवढा आवाज लागतो का तुला? डावीकडचा स्पीकर कानाला चिकटवून बसतोस, चाळिशीच्या आत बहिरा होशील, मग आणखी एक फेकशील आणि एकच उरेल. असं बोलले! तेव्हापासून भीतीच बसली. जरा काही झालं की काकांचा आवाज." त्याने आलेख उचलला, हातभर लांब धरला आणि मोठ्याने हसला. "चुकले काका! एकोणतीस कॉर्ड येत होत्या, पण हे नाही जमलं. चुकले!"

टेबलावर पेन होतं. सही वाळलेली नव्हती. त्या सोफ्यावरच्या हशाची मला एवढी सवय झाली होती की हा हशा त्याच्यातच मिसळला, निळे दिवे, टाळी, तिसावी शोधतायत. फरक एवढाच की या वेळी विनोद मी पुरवला होता. बाबांना जे बघता आलं, नुसत्या अंदाजाने, कसलंही यंत्र नसताना, एका म्हाताऱ्या पियानोवाल्याच्या कानाने, ते बरोबर होतं, आणि ते चूक होतं असं मी माझ्या अक्षरात, माझ्या शिक्क्यासह लिहून दिलं होतं. तो हा कागद दाखवत फिरणार होता. काकांचा किस्सा म्हणून सांगणार होता. पुन्हा लोक हसणार होते.

नंतर माझ्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, शेवटी तुझ्यातली डॉक्टर जिंकली. मी तिला दुरुस्त केलं नाही. पण इथे सरळ लिहिते: मी त्याला परत आत बसवलं ते त्याला वाचवायला नाही. दोन वर्षांनी कुठल्यातरी परक्या खोलीत, कुणा परक्या बाईसमोर त्याला हे कळणार होतं, आणि तेव्हा मी तिथे नसणार होते, बाबाही नसणार होते. तेवढी वाट बघण्याइतकी मी मोठ्या मनाची नव्हते.

"तो कागद दे इकडे," मी म्हटलं. "एकदा परत बस आत."

"का? काय झालं?"

"माझी चूक झाली."

"राहू द्या हो, ताई. ठीक आलंय ना?"

"बस."

मी कागद त्याच्यासमोर मधोमध फाडला. त्याचा चेहरा पडला, पण तो गेला आत. घरचं माणूस होता. मी हेडफोन स्वतःच्या हाताने चढवले. "दोन्ही हात मांडीवर," मी म्हटलं, "आणि मोजायचं नाही. अंगठा हलला तर मला दिसतो." दार लावलं. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत, काचेतून माझ्याकडे बघत राहिला. डावा कान. पहिला स्वर दिला, खालच्या पट्टीतला, सहज ऐकू येईल असा. दिवा. मग मी सात सेकंद थांबले. चौथ्या सेकंदाला दिवा लागला. माझं बोट हवेत होतं.

मी माइकवर म्हटलं, "ऐकू आलं तरच दाबायचं."

"आलं ना."

"नाही. मी काही दिलं नव्हतं."

पुढचा स्वर मी दीड सेकंदाने दिला, त्यानंतरचा सहाने. रिकाम्या जागी दिवा लागला, परत लागला, मग लागायचा थांबला. तालाचा आधार गेला तशी त्याची बोटं चाचपडायला लागली, अनोळखी घरात अंधारात भिंत शोधावी तशी. मी वरच्या पट्टीत गेले. तीस. काही नाही. चाळीस. काही नाही. मी घाई केली नाही. प्रत्येक पायरीवर त्याला पुरेसा वेळ दिला, नियमात सांगितलाय तेवढा, त्याहून कणभर जास्त. पन्नासला त्याने भुवया वर करून मला विचारलं, आहे का? मी मान हलवली नाही. नियमात ते बसत नाही. माझ्याकडे यंत्राला एक छोटा स्पीकर आहे, आत जातंय ते मला इकडे ऐकू येतं. पासष्टला तो स्वर माझ्या टेबलावर असा लख्ख वाजत होता की मला दातांत जाणवत होता. मी बोट उचललं नाही. दाबूनच ठेवलं.

काचेपलीकडे त्याचा हात बटणावर तयार होता. तो पुढे झुकला होता, ओठ किंचित उघडे, इतका कान देऊन ऐकताना मी त्याला बाबांच्या पियानोजवळसुद्धा पाहिलं नव्हतं. बराच वेळ गेला. मग त्याने ओशाळून थोडं हसल्यासारखं केलं.

"ताई, थांबलात का? सुरू करा ना."

"सुरू आहे," मी म्हटलं.